कड्याच्या काठावर जीपीएस : ट्रेकसाठी यंत्र निवडताना

देशावरच्या सपाट माळावर वीस मीटर इकडे की तिकडे, याने काही बिघडत नाही. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर मात्र तेवढ्या अंतरात घाटमाथा संपतो आणि शेकडो मीटर खाली कोकण दिसू लागते. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात तर हा काठ अगदी पायाशी येईपर्यंत कळत नाही. ट्रेकसाठी हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न आपल्याकडे म्हणूनच वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. परदेशी मासिकांतली परीक्षणे बहुधा खुणा रंगवलेल्या, देखभाल होत असलेल्या पायवाटांवर केलेली असतात. तिथे पहिला आलेला नमुना आपल्या नाळेत, कारवीच्या रानात आणि धो-धो पावसात पहिला येईलच असे नाही. निवड करण्याआधी हे यंत्र नेमके काय करते ते समजून घेतलेले बरे. ते जे करते ते थक्क करणारे आहे, आणि त्याच्या मर्यादाही त्याच करामतीतून आलेल्या आहेत.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, सहा वेगवेगळ्या कक्षांमधून फिरतात. पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करायला त्यांना ११ तास ५८ मिनिटे लागतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह अखंडपणे एवढेच सांगत असतो की मी अमुक क्रमांकाचा, माझी कक्षा ही, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत. डोक्यावरच्या उपग्रहाची ही लहर आपल्यापर्यंत यायला साधारण ०.०६७ सेकंद लागतात. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर अंतर ३०० मीटरनी चुकते. हातातल्या यंत्रात अणुघड्याळ बसवणे परवडणारे नाही. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्याबरोबर स्वतःच्या घड्याळातली चूक हीसुद्धा चौथी अज्ञात राशी धरून यंत्र गणित सोडवते. चार अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह.

उपग्रहाच्या घड्याळाची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक दुरुस्त केला नाही, तर अंतरातली चूक दिवसाला दहा-अकरा किलोमीटरनी वाढत जाईल. आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धान्त रोजच्या व्यवहारात इतका थेट कामाला आल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. आणि हा संदेश आपल्यापर्यंत किती क्षीण होऊन येतो? हवेतल्या आणि यंत्रातल्या नैसर्गिक खरखरीपेक्षाही खालच्या पातळीवर. तो ओळखता येतो, कारण १,०२३ अंकांची ठरावीक मालिका दर हजाराव्या सेकंदाला पुन्हापुन्हा पाठवली जाते. यंत्राला ती मालिका पाठ असते, आणि ती खरखरीवर सरकवत सरकवत ते जुळणी शोधून काढते. या सगळ्यात यंत्र स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकते. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे कायद्याच्या प्रश्नात तिला महत्त्व आहे.

ही व्यवस्था अमेरिकी संरक्षण खात्याने १९७३ मध्ये आखली आणि तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान पाडले गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. सामान्य ग्राहकाला हातात धरता येईल असे पहिले यंत्र, मॅजेलन कंपनीचे नॅव्ह १०००, १९८९ मध्ये विक्रीला आले. किंमत होती सुमारे तीन हजार डॉलर. तरीही नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत सरकलेली असू शकत होती. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ही भेसळ थांबली आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रे कित्येक पटींनी अचूक झाली. डोंगरभटक्यांसाठी जीपीएस खऱ्या अर्थाने सुरू झाले ते तेव्हापासून.

पडद्यावर ‘अचूकता ५ मी’ असे दिसते तेव्हा बहुतेकांचा समज होतो की आपण त्या पाच मीटरच्या वर्तुळातच आहोत. तो आकडा म्हणजे उपग्रहांच्या मांडणीवरून यंत्राने केलेला स्वतःच्या चुकीचा अंदाज असतो, हमी नव्हे. उघड्या माळावर तो बऱ्यापैकी खरा ठरतो, पण कड्याखाली यंत्राची फसवणूक होते आणि आपण फसलो हे त्याला कळतही नाही. कड्यासमोर उभे राहून साद घातली की आपल्या आवाजामागून प्रतिध्वनी येतो, तसेच उपग्रहाच्या लहरींचेही होते. कातळावर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोचते, आणि यंत्राला वाटते की उपग्रह तितका लांब आहे. नाळेत तर याहून कठीण अवस्था. दोन्ही बाजूंच्या भिंतींनी आकाशाची एक अरुंद पट्टीच उरलेली असते. त्या पट्टीतले उपग्रह जवळजवळ एका रेषेत येतात, आणि भिंतीआडच्या उपग्रहांची सरळ लहर न येता फक्त प्रतिध्वनीच येतो. घाटवाटा उतरून आल्यावर नकाशावर पाहिलेला ट्रॅक नाळेच्या भिंतीतून आरपार गेलेला दिसतो, तो यामुळे.

यंत्र निवडताना माझ्या मते पहिला पैसा इथेच खर्च करावा. जुनी आणि स्वस्त यंत्रे फक्त एल १ या वारंवारितेवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतात. नव्या पिढीची यंत्रे एल ५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झसुद्धा ऐकतात. जाहिरातीत याला ‘मल्टी-बँड’ किंवा ‘ड्युअल फ्रीक्वेन्सी’ म्हणतात. एल १ वरच्या नागरी संकेतातला एक अंक अवकाशात सुमारे २९३ मीटर लांब पसरलेला असतो, तर एल ५ मधला केवळ २९ मीटर. त्यामुळे सरळ आलेली लहर कोणती आणि कातळावरून परतलेली कोणती, हे एल ५ वर कितीतरी स्पष्टपणे वेगळे करता येते. सह्याद्रीत हा गुण कुठल्याही रंगीत पडद्यापेक्षा मोलाचा आहे. मात्र ‘मल्टी-बँड’ आणि ‘मल्टी-जीएनएसएस’ यांत गल्लत करू नये. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की यंत्र अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ किंवा चीनचे बायडू हेही उपग्रह ऐकते. त्याने ऐकू येणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते, प्रतिध्वनी ओळखता येत नाही.

अँटेनाकडेही पाहावे. ज्या यंत्राच्या डोक्यावर जाडसर दांडा दिसतो, उदाहरणार्थ गार्मिनची जीपीएसमॅप मालिका, त्यात बहुधा मळसूत्री अँटेना असते. हे यंत्र उभे धरले की उत्तम ऐकते. त्याच कंपनीच्या ई-ट्रेक्ससारख्या छोट्या यंत्रांत चपटी चौकोनी अँटेना असते, तिचे तोंड आकाशाकडे हवे. चालताना उभे यंत्र सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवणे सोपे आणि चपटे यंत्र आडवे धरून चालणे कठीण, म्हणून दांडावाली यंत्रे वजनाला जास्त असूनही लांबच्या वाटांवर सरस ठरतात. पँटच्या खिशात मात्र कुठलेच यंत्र ठेवू नये. माणसाच्या शरीरात बहुतांशी पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. ओल्या, दाट पानांखाली यंत्र मंदावते त्याचेही एक कारण हेच.

आकाशातून येणाऱ्या चुकीचा एक भाग आपल्या अक्षांशाचाच आहे, आणि तो युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत सापडणार नाही. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, म्हणजे आयनांबरातून, जाताना लहरी मंदावतात. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये भारतातले पहिले अग्निबाण सोडायला केरळातले थुंबा निवडले गेले ते याच कारणाने. या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना काही अंतरावर आयनांबर सर्वांत दाट होते. उत्तरेकडचा दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशावर येतो आणि महाराष्ट्र त्याच्या सावलीत सापडतो. त्यात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर या थरात विरळ पोकळ्या तयार होतात आणि संकेत लुकलुकू लागतो. सूर्यावरच्या डागांचे चक्र ऐन भरात असलेल्या वर्षांत हे जास्त जाणवते. आपल्याकडे नाइट ट्रेक करणारे खूप, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. दोन वारंवारिता ऐकणारे यंत्र आयनांबरातला उशीर स्वतः मोजू शकते, कारण तो दोन्हींवर वेगवेगळा असतो. एकाच वारंवारितेच्या यंत्राला तो अंदाजाने धरावा लागतो.

याच अडचणीवर भारतीय उपाय आहे तो गगन. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली ही व्यवस्था मुळात विमानांसाठी आहे. जमिनीवरची केंद्रे जीपीएसची चूक मोजतात आणि सुधारणा जीसॅट-८ व जीसॅट-१० या भूस्थिर उपग्रहांवरून प्रसारित होतात. हे उपग्रह ५५ आणि ८३ अंश पूर्व रेखांशांवर, म्हणजे महाराष्ट्राच्या आकाशात बरेच उंचावर आहेत. उत्तर युरोपात अशा उपग्रहांना क्षितिजालगत शोधावे लागते, आपल्याला ते आयते मिळालेले आहेत. यंत्राच्या सेटिंगमध्ये एसबीएएसचा, म्हणजे गगनसारख्या व्यवस्थेच्या सुधारणा ऐकण्याचा, पर्याय असेल तर तो आपल्याकडे जरूर चालू ठेवावा. नाविक या स्वदेशी प्रणालीचे पहिले सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात कक्षेत गेले. ते एल ५ आणि एस पट्ट्यावर बोलतात, म्हणून केवळ एल १ ऐकणाऱ्या स्वस्त यंत्रांना ते ऐकूच येत नाहीत. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर एल १ ची भर घालण्यात आली आणि भारतात बनवलेले अणुघड्याळही बसवले गेले. खोक्यावरच्या यादीत नाविक असेल तर आनंदच आहे, पण तेवढ्यासाठी यंत्र घेऊ नये आणि नाही म्हणून टाळूही नये.

आता नकाशाकडे. यंत्र फक्त आकडे देते, त्या आकड्यांना दरी, धार आणि खिंड यांचे रूप येते ते नकाशामुळे. इथे दोन धोके आहेत, एक जुना आणि एक नवा.

जुना धोका डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या गणिती प्रारूपावरून मोजले जातात त्याचा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे नेले आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे एक गणिती प्रारूप मांडले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट त्या प्रारूपावर, मध्य प्रदेशातले कल्याणपूर हा मूळबिंदू धरून काढलेल्या आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ हे वेगळे प्रारूप वापरते. सह्याद्रीच्या परिसरात या दोहोंतला फरक शंभर मीटरहून जास्त भरतो. जुन्या टोपोशीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे यंत्रात भरले तर नाणेघाटातल्या नानाच्या अंगठ्यावरचा बिंदू हवेत पडू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, पण ट्रेकर मंडळींच्या संग्रहात जुन्या शीटच्या स्कॅन केलेल्या प्रती अजून भरपूर आहेत. यंत्रात डेटम बदलण्याची सोय असायला हवी आणि ती वापरता आली पाहिजे.

नवा धोका समोच्च रेषांचा आहे आणि तो जास्त फसवा. यंत्रात टाकायचे मोफत नकाशे बहुधा ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले असतात. जगभरातल्या स्वयंसेवकांनी २००४ पासून उभारलेला हा नकाशा आहे, आणि सह्याद्रीतल्या अनेक वाटा, टाकी, गुहा आपल्याच भटक्यांनी त्यात भरल्या आहेत. त्यांच्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या नकाशांवरच्या समोच्च रेषा कुणी डोंगरावर जाऊन काढलेल्या नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. आपल्याकडच्या बहुतेक मोफत नकाशांचा आधार ती माहिती आहे. तिचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि एका चौकोनाला उंचीचा एकच आकडा. ताशीव कडा या पद्धतीत पुसट होऊन तीव्र उतारासारखा दिसतो. रडारच्या तिरक्या किरणांना जिथे पोचताच आले नाही तिथे रिकाम्या जागा राहिल्या, आणि त्या नंतर आजूबाजूच्या आकड्यांवरून भरण्यात आल्या. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे, खालचा कातळ वरच्या काठाच्याही आत. समोच्च रेषांनी असा आकार दाखवताच येत नाही. म्हणून यंत्रावर दोन रेषांमधले अंतर थोडे मोकळे दिसले म्हणजे तिथून उतरता येईल असे समजणे जिवावर बेतू शकते. आधी कुणीतरी चालून गेलेला, विश्वासातल्या माणसाकडून मिळालेला ट्रॅक आणि गावातला वाटाड्या यांना सह्याद्रीत पर्याय नाही. अशा ट्रॅकची जीपीएक्स फाइल घेताना ती कोणत्या ऋतूत नोंदलेली आहे हेही विचारावे. मार्चमधली मोकळी वाट ऑगस्टमध्ये डोक्याइतक्या कारवीत बुडालेली असते, आणि ढोरवाटा जागोजागी फसवतात.

उंचीचा आकडा हा स्वतंत्र विषय आहे. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात, खालून कुणीच नसतो. त्यामुळे उभ्या दिशेतली चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. शिवाय जीपीएस मोजते ती उंची गणिती प्रारूपापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा जगातला सर्वांत मोठा खळगा आहे. तिथली समुद्रसपाटी त्या प्रारूपाच्या शंभर मीटरहून खाली जाते, आणि या खळग्याचा उतार महाराष्ट्रापर्यंत पोचतो. कोकणच्या पुळणीवर उभे राहून फोनमधले एखादे साधे अ‍ॅप उघडले तर उंची उणे साठ-सत्तर मीटर दिसते, ती याच कारणाने. ट्रेकसाठी बनवलेल्या यंत्रांत ही सुधारणा केलेली असते.

त्यातही वायुदाबमापक असलेले यंत्र मिळाले तर घ्यावे. दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे घाटउंचीला साधारण आठ-नऊ मीटर, इतक्या बारकाईने चढ-उतार त्यावर कळतो. धुक्यात एकाच धारेवर वर-खाली करताना आपण नेमके कुठे आहोत हे ठरवायला उंची आणि नकाशा यांची जोडी फार कामाची. पण हे उपकरण हवेचा दाब मोजते, आणि आपल्या उष्ण कटिबंधात हवेला रोज भरती-ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि या दोहोंत तीनेक हेक्टोपास्कलचा फरक. म्हणजे गडावर एका जागी बसून राहिले तरी दुपारपर्यंत यंत्र वीस-पंचवीस मीटर चढल्याचे दाखवते. यावर उपाय म्हणजे ज्ञात उंचीवर ते पुन्हा जुळवून घेणे. आपल्याला ही सोय रेल्वेने आधीच करून ठेवली आहे. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कसाऱ्याला किंवा लोणावळ्याला लोकलमधून उतरलो की पाटीवरचा आकडा यंत्रात भरायचा आणि मगच स्टँडकडे वळायचे. कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटर पाहण्याचा आनंद असा जुळवलेल्या यंत्रावरच खरा.

होकायंत्र दोन प्रकारचे असते. साध्या यंत्रात चालत असतानाच दिशा कळते, कारण ती लागोपाठच्या दोन जागांवरून काढलेली असते. थांबलो की बाण भरकटतो. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेले यंत्र उभ्या-उभ्याही दिशा दाखवते, पण सेल बदलल्यावर ते हातात फिरवून पुन्हा जुळवावे लागते. आपला बसाल्ट खडक लोहयुक्त, चुंबकीय कणांचा आहे. कातळाला टेकवून दिशा पाहू नये. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तेवढी एक कटकट आपल्याला नाही.

मग फोन का नको? प्रश्न रास्त आहे. आजच्या चांगल्या फोनमध्ये दोन वारंवारितांचा ग्राहक असतो, पडदा मोठा आणि नकाशे सुरेख. रेंज नसताना, एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालते, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या एक दिवसाच्या मळलेल्या वाटेसाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही, हे मी स्पष्टच सांगेन. पावसाळ्यात मात्र फोनचा पडदा थेंबांना बोट समजतो आणि ओल्या बोटाला ओळखत नाही. भर उन्हात तो काळवंडतो. शिवाय मदतीसाठी बोलावण्याचे एकमेव साधन वाट शोधण्यात संपवून टाकणे शहाणपणाचे नाही. ट्रेकच्या यंत्राला खरी बटणे असतात, ती हातमोज्यातून, चिखलातून दाबता येतात. त्याचा पडदा उन्हाच्या प्रकाशानेच उजळतो. आयपीएक्स ७ हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची परीक्षा. यापेक्षा कमी दर्जाचे यंत्र सह्याद्रीच्या पावसात नेऊ नये. तरीही सेलचा कप्पा ट्रेकनंतर उघडून पुसून घ्यावा, नाहीतर सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो.

सेलबद्दल माझे मत ठाम आहे. आठवडाभराच्या हिमालयातल्या मोहिमेला आणि सह्याद्रीतल्या दोन-तीन दिवसांच्या रेंज ट्रेकला पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र बरे. दोन सेल कुठल्याही घाटाखालच्या दुकानात मिळतात. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरले तर यंत्राच्या सेटिंगमध्ये तसे सांगावे, कारण त्यांचा विद्युतदाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो आणि न सांगितल्यास यंत्र भलताच अंदाज दाखवते. थंडीत लिथियमचे एकदाच वापरायचे पेन्सिल सेल सर्वांत टिकतात.

नावे घेऊन सांगायचे तर कमी खर्चात नकाशा दाखवणारे ई-ट्रेक्स २२ एक्स हे १४२ ग्रॅमचे यंत्र दोन पेन्सिल सेलवर पंचवीस तासांपर्यंत चालते असे कंपनी सांगते. वायुदाबमापक आणि होकायंत्र हवे तर त्याचेच भावंड ३२ एक्स. दोन्ही एकाच वारंवारितेची. नाळा, घळी, दाट रान यांत वारंवार जाणाऱ्याने जीपीएसमॅप ६५ एसचा विचार करावा. त्यात मल्टी-बँड आहे, सेन्सर आहेत आणि पेन्सिल सेलही, फक्त एका जोडीवर सोळा तासच. जीपीएसमॅप ६७ एकदा चार्ज केल्यावर १८० तासांचा दावा करते, पण त्याची बॅटरी आतली आहे. ई-ट्रेक्स एसई आणि ई-ट्रेक्स सोलर यांत नकाशाच नाही, नुसत्या रेषेवर चालावे लागते. कड्यांच्या मुलखात मी ती सुचवणार नाही. नमुने बदलत राहतील, कसोट्या त्याच. अमेरिकेतून मागवलेल्या यंत्रात तिथलेच नकाशे भरलेले असतात, भारताचा नकाशा आपण मेमरी कार्डावर घालायचा.

आणि अमेरिकेतून मागवताना नावाच्या शेवटच्या अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. जीपीएसमॅप ६६ आय, ६७ आय किंवा इनरीच ही यंत्रे नुसती ऐकत नाहीत, उपग्रहाकडे संदेश पाठवतातही. अशी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा ठरते. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी अधिनियम यांखाली कारवाई झालेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर इनरीच बाळगणाऱ्या परदेशी पर्यटकावर असा प्रसंग आला. परदेशातल्या भावाने प्रेमाने पाठवलेले ‘आय’ अक्षराचे यंत्र विमानतळावरच अडचणीत आणू शकते. केवळ संकेत ऐकणाऱ्या साध्या जीपीएसचे तसे नाही.

यंत्र हाती आल्यावर पहिले काही ट्रेक पाठ असलेल्या वाटांवर करावेत. चढताना जिथे वाट फुटते, जिथून कडा जवळ येतो, जिथे पाण्याचे टाके आहे तिथे थांबून वेपॉइंट घ्यावा, म्हणजे ती जागा यंत्रात नोंदवावी. ‘अ‍ॅव्हरेजिंग’ची सोय असेल तर एक-दोन मिनिटे यंत्र स्थिर ठेवावे, याने नोंदलेली जागा काहीशी सुधारते. जेवणाच्या थांब्यात ट्रॅक बंद ठेवावा. बसल्या जागी जागा चार-पाच मीटर हलत राहते आणि चाललेले अंतर फुगते. एकाच ट्रेकचे दोन यंत्रांवर वेगळे किलोमीटर येतात ते बरेचसे यामुळे.

अपघात झाला आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारख्या बचाव पथकांना जागा कळवायची वेळ आली, तर आकडे कसे सांगतो याला फार महत्त्व आहे. समजा यंत्रावर १८ अंश ३०.५ मिनिटे दिसत आहेत. फोनवर घाईने कुणी ते ‘अठरा, तीस, पाच’ असे सांगितले आणि पलीकडच्याने १८ अंश ३० मिनिटे ५ सेकंद लिहून घेतले, तर जागा २५ सेकंदांनी चुकली. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा, म्हणजे पथक पाऊण किलोमीटर दूर जाईल, कदाचित दरीच्या पलीकडच्या सोंडेवर. गटातल्या सर्वांनी निघण्यापूर्वी यंत्रे आणि फोन एकाच पद्धतीवर आणावेत. माझी पसंती दशांश अंशांना, पाच स्थळांपर्यंत, कारण पाचवे स्थळ साधारण एका मीटरचे असते आणि त्यात मिनिटे-सेकंद येतच नाहीत. फोनवर आकडे एकेक अंक उच्चारून सांगावेत, ‘पॉइंट’ कुठे आहे ते स्पष्ट म्हणावे, समोरच्याकडून परत वाचून घ्यावेत, आणि रेंज एका काडीचीच असेल तर बोलण्याऐवजी तेच आकडे एसएमएसने पाठवावेत.